जुनं लेडीज हॉस्टेल, नाशिक: दगडाला पाच स्टार, नळाला एक

रेटिंग ५ पैकी ३.५ देतेय. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण अजून मला तिथेच राहायचंय आणि रेक्टर मॅडम मनाने चांगल्या आहेत, उगाच त्यांच्या टेबलवर माझा स्क्रीनशॉट नको. कॉलेजचं जुनं मुलींचं हॉस्टेल एवढं पुरे. दोनशेच्या वर मुली, दोन मजली दगडी बिल्डिंग, मध्ये चौक, आणि मागे नंतर बांधलेली तीन मजली सिमेंटची विंग. अकरावीच्या पोरींपासून एमएस्सी, बीएडवाल्यांपर्यंत सगळ्या एकाच छताखाली. ॲडमिशनच्या टायमाला दरवर्षी कोणीतरी मेसेज करतं की ताई हॉस्टेल घेऊ का कॉलेजरोडला पीजी बघू, प्रत्येकीला वेगळं टाइप करून बोटं दुखतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी हे सांगते की "जुनं आहे गं ते" म्हणून जी नाकं मुरडतात ना, त्यांना जुन्याचा त्रास काय असतो तेच माहीत नाही. या बिल्डिंगमध्ये जे मुळात बांधलेलं आहे ते जवळपास सगळं चांगलं आहे. त्रास आहे तो नंतर जे जे चिकटवलंय त्याचा.

उदाहरण देते. जुन्या विंगच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड फूट तरी जाड असतील, खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसता येतं. नाशिक म्हणजे थंड हवेचं गाव असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एप्रिलच्या शेवटी दुपारी दोन वाजता इथे यावं, पारा चाळीसला टेकतो. पण एवढा जाड दगड तापायला वेळ घेतो, भिंत आतून गरम व्हायला लागेपर्यंत संध्याकाळ होते आणि मग खिडक्या उघडल्या की झालं. परीक्षेच्या दिवसांत मागच्या विंगच्या पोरी वह्या घेऊन आमच्याकडे येऊन पडतात कारण त्यांच्या वरच्या मजल्यावर स्लॅब इतका तापतो की रात्री अकराला पण पंखा गरम हवाच फेकतो. खाली शहाबादी फरशी आहे, दिसायला काळपट, पण पुसली की लगेच सुकते आणि ओल्या पायाने घसरायला होत नाही. आणि बाथरूममध्ये मध्यंतरी कोणीतरी हौसेने चकचकीत टाइल्स बसवल्यात त्याच्यावर दर आठवड्याला एक तरी पोरगी आपटते.

खिडक्यांचं पण तेच. जुन्या खिडक्या सागवानी, दोन फळ्यांच्या, लोखंडी गज, पूर्ण उघडतात. दरवाजाच्या वर झरोका आहे तिथून गरम हवा पॅसेजमध्ये निघून जायची सोय होती. होती म्हणते कारण बऱ्याच खोल्यांचे झरोके प्लाय मारून बंद केलेत, का तर रात्री लाइटचा उजेड पॅसेजमध्ये येतो आणि कोण जागं आहे ते कळतं. काही खोल्यांमध्ये सडलेल्या फळ्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या लावल्यात, त्या कशाही सरकवा, एका वेळी अर्धीच खिडकी उघडते. म्हणजे पैसे घालून वारा निम्मा केला.

छपराची गोष्ट तर विचारूच नका. वरच्या मजल्याला कौलं आहेत. कौलांना दरवर्षी पावसाच्या आधी शाकारणी लागते, फुटकी काढायची, सरकलेली जागेवर बसवायची, आणि ते काम करणारी माणसं आता पटकन मिळत नाहीत हे मान्य. म्हणून अर्ध्या भागावर निळा पत्रा टाकला. आता कौलाखालच्या खोल्यांमध्ये जुलैत एखाद्या कोपऱ्यात ठिबकतं, तिथे बादली ठेवायची, संपलं. पत्र्याखालच्या खोल्या गळत नाहीत पण पाऊस लागला की आत फोनवर बोललेलं ऐकू येत नाही आणि मे महिन्यात तिथे राहून दाखवावं कोणीही.

भिंतींवर जे पोपडे दिसतात आणि पालक लगेच "बिल्डिंग पडायला आलीय" म्हणतात, ते पण समजून घ्या. जुना चुन्याचा गिलावा ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्याच्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि वर ऑइलपेंट मारला की ओल आत अडकते, क्षार बाहेर येतात आणि रंग फुगून खपल्या पडतात. मग पुन्हा सिमेंट, पुन्हा पेंट. ही माहिती मला सिव्हिलच्या मैत्रिणीने दिली, नंतर मी पॅसेजभर फिरून बघितलं तर खरंच जिथे जुना चुना तसाच आहे तिथे भिंत मळकी आहे पण सुटलेली नाहीये.

आता पाणी. महापालिकेचं पाणी सकाळी खालच्या टाकीत येतं, मोटर लावून गच्चीवर चढवतात. ते ठीक आहे. गरम पाण्याला मागच्या विंगच्या गच्चीवर सोलर लावलेत, आणि तिथून पाइप फिरत फिरत जुन्या विंगच्या खालच्या मजल्यापर्यंत येतो, त्या पाइपला वरून काही गुंडाळलेलं नाही. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे दहाच्या खाली पारा जाणं नेहमीचं, निफाडच्या पोरी तर "आमच्याकडे याच्यापेक्षा जास्त थंडी असते" म्हणून भाव खातात, अशा थंडीत रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी बर्फ झालेलं असतं. म्हणजे साडेपाचला जी पहिली उठते तिला दोन-तीन बादल्या गार पाणी सोडल्याशिवाय गरम येत नाही, सहाला येणारी मजेत अंघोळ करते आणि सातला येणारीला संपलेलं असतं. सर्वात हुशार पोरी सहाच्या असतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे गरम पाणी नाहीच असं धरून चाला.

बाथरूम प्रत्येक मजल्याच्या टोकाला, कॉमन. तिथे बादल्यांची लाइन लागते. नियम कुठे लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ आहे, सातपर्यंत नुसती बादली लाइनमध्ये असली तरी नंबर धरला जातो, सातनंतर बादलीच्या बाजूला माणूस पाहिजे. बादलीवर ऑइलपेंटने नाव टाका. मार्करने टाकलं तर आठवड्यात पुसतं आणि मग ती बादली सार्वजनिक. पाणी तुंबणं हा वेगळा विषय. जुने बीडाचे पाइप होते ते गंजले म्हणून पीव्हीसी टाकले, पण उतार नीट दिला नाही, त्यात दोनशे मुलींचे केस. जाळी काढून केस उचलायचं काम कोणाचं यावरून जेवढी भांडणं झालीत तेवढी मोबाइल चोरीवरून पण झाली नसतील.

वायरिंगवर मी जरा सविस्तर लिहिणार कारण माझा विषय इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि दरवर्षी नव्या पोरी मेनस्विच उडवतात. खोलीचं जुनं वायरिंग एक बल्ब, एक पंखा आणि फार तर एक रेडिओ एवढ्या हिशोबाने केलेलं, पाच अँपियरचं. आता चार मुलींचे चार लॅपटॉप, चार्जर ६५ वॅटचे धरले तरी सगळे मिळून सव्वा अँपियरच्या आत बसतात, ते चालतं. पण पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा असतो, २३० व्होल्टला तो एकटाच साडेसहा अँपियर खेचतो. म्हणजे फ्यूज जाऊ शकतो, आणि गेला नाही तर त्याहून वाईट, कारण मग बहुतेक कोणीतरी फ्यूजमध्ये जाड तार घातलेली आहे आणि आता फ्यूजऐवजी भिंतीतली वायर तापतेय. रॉडला बंदी आहे ती मॅडमच्या खडूसपणामुळे नाही हे लक्षात घ्या. ट्रंकेत लपवून आणणाऱ्या आहेतच, मला माहितीये, पण प्लास्टिकच्या बादलीत रॉड लावून पॅसेजमध्ये गप्पा मारायला जाणाऱ्या पोरीच्या शेजारच्या कॉटवर मला झोपायचं नाहीये. इंडक्शनचं पण तेच. मागच्या विंगला नवीन वायरिंग आणि एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) आहेत, तिथे निदान वेळेवर ट्रिप तरी होतं.

दगडाचा एक तोटा मात्र सांगायलाच हवा. वायफाय खोलीत येत नाही. राउटर पॅसेजमध्ये, भिंत दीड फुटाची, दार लावलं की नेट गेलं. त्यामुळे रात्री जेवणानंतर अख्खा मजला पॅसेजमध्ये चटया टाकून बसलेला असतो, एक ऑनलाइन लेक्चर बघतेय, एक घरी व्हिडिओ कॉलवर आईला भाजी दाखवतेय, एक नुसतीच दुसरीच्या डोक्याला तेल लावतेय. नवीन पीजीमध्ये प्रत्येक खोलीत फुल रेंज असते आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीचं नाव माहीत नसतं, माझ्या एका क्लासमेटचं तसंच आहे. इथे सटाणा, कळवण, येवला, सुरगाणा, पेठ, धुळे, नंदुरबार, जळगाव, सगळीकडच्या पोरी. मी आले तेव्हा मला अहिराणी येत असून मी बोलायचे नाही, लोकं हसतील म्हणून, इथे तर पॅसेजमध्ये "काय करी ऱ्हायनी वं" असं बिनधास्त चालू असतं. आता पुण्याच्या नातेवाइकांसमोर पण बोलते.

आणि खाणं. थंडीत जळगावच्या मुलींच्या घरून भरताची हिरवी वांगी येतात, मागच्या अंगणात मेसच्या मावशींना मस्का मारून कपाशीच्या काड्यांवर भाजायची, काड्या पण त्या गोणीत बांधूनच आणतात कारण गॅसवर भाजलेल्याला ती चव नाही. सोबत कळण्याची भाकरी. फेब्रुवारी-मार्चला निफाड-दिंडोरीवाल्या द्राक्षांचे क्रेट आणतात, इतके की दोन दिवसांनी कोणी बघत पण नाही त्याच्याकडे. हे कुठल्या पीजीच्या पॅकेजमध्ये मिळतं सांगा.

मेसचं मात्र मधलंमधलं. पोळ्या चांगल्या, मावशी हातानेच करतात. वरण पातळ. फ्लॉवर-बटाटा आठवड्यातून इतक्या वेळा की त्या भाजीचं नाव घेतलं तरी कोणीतरी लोणच्याची बरणी काढतं. बुधवारी शेवभाजी असते त्या दिवशी लाइन चौकापर्यंत. कधी मूड असला तर मावशी नागलीची भाकरी आणि ठेचा करतात, त्या पेठकडच्या आहेत, त्यांच्या हातची नागलीची भाकरी थापताना बघा एकदा. रविवारी दुपारी फिस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. खाड्याचा नियम आधी विचारून घ्या, आमच्याकडे सलग तीन दिवस आणि आदल्या दिवशी वहीत सही केली तरच पैसे वजा होतात, शनिवार-रविवार घरी गेलात तर काही मिळत नाही. कॉन्ट्रॅक्टर बदलला की पहिले पंधरा दिवस पनीर, नंतर जैसे थे. रविवारी सकाळी मात्र मेसचे पोहे सोडून ग्रुपने मिसळीला जायचं, नाशकात राहून मेसचे पोहे खाणारीला काय म्हणावं. पापड, दही आणि तर्री वेगळी घेऊन काळ्या मसाल्याची मिसळ, मग दुपारी फिस्टला भूक नसते तो भाग वेगळा. संध्याकाळी मेनरोडला गेलात तर सायंतारामधला साबुदाणा वडा.

ढेकूण. हो आहेत. कुठल्याही जुन्या मोठ्या हॉस्टेलला विचारा, खरं सांगणारी भेटली तर हो म्हणेल. त्यांनी रोग पसरतात असं काही सिद्ध झालेलं नाही पण झोपेची वाट लागते. नवीन मुली काय करतात, बाजारातून स्प्रे आणून आपल्या कॉटवर मारतात, ढेकूण निवांत शेजारच्या खोलीत जातात आणि पंधरा दिवसांनी परत येतात. त्यांना महिनोन्महिने रक्त मिळालं नाही तरी ते जिवंत राहतात, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं होतं तेव्हा मरतात हा भ्रम आहे. गादी गच्चीवर टाकून पण वरवरचे जातात, गादीच्या आत तेवढं ऊन पोचत नाही. कॉटच्या सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, लोखंडी कॉट असेल तर, लाकडी असेल तर फटी बघत बसा. पेस्ट कंट्रोल करायचं तर सगळ्या मजल्याचं एकाच दिवशी व्हायला पाहिजे. आमच्याकडे यावर्षी दोन खोल्यांचं केलं, राहिलेल्या खोल्यांना "बजेट आल्यावर". यासाठी पूर्ण एक स्टार कापलाय.

अर्धा स्टार गेटच्या टायमिंगचा. आमचं गेट साडेसातला बंद, थंडीत सातला. मुलांच्या हॉस्टेलचं दहाला. कॉलेजची लायब्ररी नऊपर्यंत उघडी असते, म्हणजे ती नऊपर्यंत कोणासाठी उघडी असते ते तुम्हीच समजा. प्रॅक्टिकल लांबलं तर सरांची चिठ्ठी, क्लास असेल तर क्लासचं पत्र, घरी जायचं तर पालकांचा फोन आणि गेटपास. सेफ्टीचं कारण देतात आणि गेटवरचे मामा खरंच चांगले आहेत, रात्री कोणाला ताप आला तर स्वतः रिक्षा आणून देतात, पण सेफ्टी रस्त्यावर पाहिजे ना, की आम्हालाच आत कोंडायचं? याच्यावर दरवर्षी अर्ज जातो. यावर्षी पण गेलाय.

गोदावरीला पूर येतो तेव्हा हे गेट सगळ्यात जास्त खटकतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरात सगळ्यांचं एकच, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? कमरेला, छातीला, यावरून लोकं पूर मोजतात. मुलांच्या हॉस्टेलवाले रात्री जाऊन बघून येतात आणि आम्ही त्यांच्या स्टेटसवर बघतो.

रॅगिंगचं पालक सगळ्यात आधी विचारतात. महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे आणि यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी आणि पालक दोघांचं हमीपत्र ॲडमिशनच्या वेळीच भरून घेतात. आमच्याकडे सुरुवातीला सीनियर "इंट्रो" घेतात, नाव गाव सांग, गाणं म्हण, एवढंच. नको वाटलं तर नाही म्हणायचं, एकीने सरळ नाही म्हटलं होतं आणि तिला कोणी काही केलं नाही. तरी काही वेडंवाकडं वाटलं तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा अँटी-रॅगिंग हेल्पलाइन नंबर आहे, टोल फ्री, सेव्ह करून ठेवा.

पैशाचं थोडक्यात. वर्षाची फी कॉलेजरोडच्या बऱ्यापैकी पीजीच्या चार महिन्यांच्या भाड्याएवढी पण होत नाही, मेस वेगळी. डिपॉझिट परत मिळतं पण पावती हरवली तर विसरा. महाडीबीटीवर (सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलवर) पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचा फॉर्म भरणार असाल तर हॉस्टेलचं सर्टिफिकेट लागतं, ते रेक्टर ऑफिसमधून सुरुवातीलाच घ्या, शेवटच्या आठवड्यात क्लार्क मॅडमच्या टेबलाभोवती जी गर्दी असते त्यात अर्धा दिवस जातो.

खोली कुठली मागायची? जुनी विंग, खालचा मजला, पूर्वेच्या बाजूची. सकाळचं ऊन आत येतं म्हणून थंडीत दगड गार पडला तरी निभावतं. बाथरूमच्या लगेच शेजारची नको, रात्रभर बादल्यांचा आवाज आणि वास. वरच्या मजल्यावर मिळाली तर आधी बाहेरून वर बघा, कौल आहे की पत्रा. मूळ तीन जणींच्या खोल्यांमध्ये आता चौथी कॉट घातलीय, ती दाराजवळ असते, रात्री जी कोणी बाहेर जाईल ती तिच्या पायाला धडकून जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी लवकर या आणि कॉट धरा, ट्रंक ठेवली की कॉट तुमची. घरून आणायच्या वस्तूंमध्ये लोक टेबललॅम्प वगैरे सांगतात, मी सांगते की मोठं कुलूप, दोन बादल्या, कपडे वाळत घालायला नायलॉनची दोरी आणि स्वतःची गादी. हॉस्टेलची गादी घेऊच नका, कितीही चांगली दिसली तरी.

मी पुढच्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या सिंगल रूमसाठी अर्ज केलाय, मिळाली तर माझी खालची कॉट रिकामी होईल, खिडकीजवळची. जिला मिळेल तिने त्या कॉटच्या पायाखालची वीट काढू नये, तिथली फरशी खचलेली आहे, वीट काढली की कॉट रात्रभर डुगडुगते.